ग्रँड आयलंडच्या गॅरेजमधला शनिवार

मार्च महिन्यात नेब्रास्कात बघण्यासारखं काय असतं, असं कुणी विचारलं असतं तर ओमाहातल्या पहिल्या वर्षी मी "काही नाही" असंच उत्तर दिलं असतं. झाडांना पान नाही, मक्याची कापणी होऊन शेतांत नुसते खुंट उरलेले आणि तोंडावर सतत वारा. आमच्या बेळगावात याच दिवसांत झाडाला कैऱ्या धरलेल्या असतात, आणि इथे आपण जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून पार्किंगमध्ये गाडी शोधतोय.

आमच्या टीममधला एक ज्येष्ठ सहकारी मूळचा ग्रँड आयलंडचा. २०२५ च्या मार्चमध्ये तो म्हणाला, "या शनिवारी माझ्याबरोबर घरी चल. रविवारी पहाटे नदीवर क्रेन पक्षी बघू. आणि संध्याकाळी माझ्या वडिलांचं गॅरेज बघ, तुला आवडेल." क्रेनबद्दल मी ऐकून होतो. गॅरेजबद्दल नव्हतो.

ओमाहाहून ग्रँड आयलंड साधारण दीडशे मैल. इंटरस्टेट ८० वरून पश्चिमेला निघायचं आणि स्टिअरिंग फारसं वळवायचंच नाही, इतका सरळ रस्ता. वाटेत प्लॅट नदी लागते. 'प्लॅट' म्हणजे फ्रेंचमध्ये सपाट, आणि 'नेब्रास्का' हे नावही इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या 'सपाट पाणी' या शब्दांवरूनच आलेलं. नदी रुंद, पण पाणी घोट्यापर्यंत. हे उथळ पाणीच पक्ष्यांना लागतं, ते पुढे येईल.

सहकाऱ्याचे वडील ७९ वर्षांचे. मी त्यांना या लेखात आजोबाच म्हणणार आहे, कारण मनातल्या मनात मी त्यांना तेच म्हणत होतो. उंच, किंचित वाकलेले, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले. बोलताना आपल्याकडे उजवा कान करतात. डावा कान जवळजवळ गेलेला. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, त्यामुळे तो आधी जातो. "आमच्या वेळी म्हणायचे, कानाला सवय होते," आजोबा म्हणाले. "सवय होत नाही. ऐकूच येईनासं होतं, म्हणून त्रास वाटत नाही." बहुतेक बंदुकांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एकाच बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून "सवय आहे" म्हणणारे माझे मित्र मला तिथे आठवले.

तर गॅरेज. एका भिंतीला लांब लाकडी बाक, त्यावर बोल्टने बसवलेला हिरवा हातप्रेस, दांडीचा छोटा तराजू, नरसाळी, मापं आणि पन्नास भोकं पाडलेला एक लाकडी ठोकळा. आजोबांचा छंद म्हणजे काडतुसं पुन्हा भरणं. इकडे त्याला रिलोडिंग म्हणतात आणि तो कायदेशीर, जुना, घराघरातला छंद आहे. वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून द्यायची नाही. ती स्वच्छ करायची, प्रेसमध्ये दाबून मूळ मापात आणायची, बुडाचा जळालेला प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. काडतुसाचा सगळ्यात महाग भाग पितळ, आणि तोच पुन्हा पुन्हा वापरता येतो. कोविडच्या काळात अमेरिकेत दुकानांतून काडतुसं गायब झाली, तेव्हा अनेकांनी अडगळीतले प्रेस बाहेर काढले म्हणे.

हे शहर त्यासाठी योग्यच. हॉर्नेडी ही गोळ्या आणि रिलोडिंगचं सामान बनवणारी कंपनी १९४९ मध्ये इथेच सुरू झाली आणि अजून इथेच आहे. शहराच्या पश्चिमेला दुसऱ्या महायुद्धात सैन्याचा कॉर्नहस्कर ऑर्डनन्स प्लांट उभा राहिला होता. तिथे बॉम्ब आणि तोफगोळे भरले जात. पुढे त्या स्फोटकांचे अंश जमिनीखालच्या पाण्यात उतरले आणि आसपासच्या घरांना विहिरी सोडून शहराचं नळपाणी घ्यावं लागलं. गावाने दारूगोळ्याची कमाईही पाहिली आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे कायद्यानेच मनाई आहे, आणि त्या कायद्यात 'काडतूस' या शब्दात दारू, प्रायमर, पुंगळी, गोळी असे सुटे भागही येतात. सहकाऱ्याने गाडीतच बजावलं होतं, "बघ, विचार, पण हात लावू नकोस." आजोबांनी मला उंच स्टूलवर बसवलं, डोळ्यांना लावायला सुरक्षा चष्मा दिला आणि हातात एक वही दिली. माझं काम, त्यांनी एक पुंगळी भरली की वहीत एक रेघ मारायची.

सुरुवातीला मी भरपूर प्रश्न विचारले, आणि त्यातून माझे बरेच गैरसमज गळून पडले.

पहिला गैरसमज स्फोटाचा. एवढी दारू घरात ठेवून हा माणूस झोपतो कसा? आजोबा म्हणाले की आधुनिक धूरविरहित दारू उघड्यावर पेटली तर झपाट्याने जळते, बॉम्बसारखी फुटत नाही. ही दारू पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये शोधली. आपल्या शिवकाळातल्या तोफांची काळी दारू वेगळी, ती खरंच स्फोटक. धूरविरहित दारूला धोकादायक बनवतं ते बंदिस्तपण. म्हणून जाड लोखंडी तिजोरीत ठेवली की सुरक्षित, ही समजूत उलटी आहे. तिजोरीत आग पोचली तर दाब अडकून राहतो आणि मग तिचाच बॉम्ब होतो. आजोबांची दारू मूळच्याच डब्यांत, इंचभर जाडीच्या लाकडी कपाटात होती, हीटरपासून लांब.

दुसरा गैरसमज सिनेमाने शिकवलेला. घराला आग लागली की काडतुसं सुटतात आणि गोळ्या चौफेर उडतात. प्रत्यक्षात बंदुकीबाहेर सुट्या पडलेल्या काडतुसात आतला दाब धरून ठेवायला काहीच नसतं. पातळ पुंगळी फाटते, तिचे तुकडे उडतात, जड गोळी मात्र जवळच पडते. तुकड्यांनी इजा होऊ शकते, पण ती बंदुकीतून सुटलेली गोळी नव्हे. भरलेली बंदूक आगीत सापडली तर ती मात्र खरोखर सुटते. म्हणून बंदूक भरून ठेवायची नाही.

तिसरी समजूत सगळ्यात जास्त माणसांना भोवते. थोडी जास्त दारू घातली तर नेम चांगला लागतो. "तरुणपणी सगळ्यांना असंच वाटतं," आजोबा हसले. कमाल मर्यादेची मात्रा आणि सगळ्यात अचूक मात्रा यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. छापील पुस्तकात दिलेल्या सुरुवातीच्या, कमी मात्रेपासून आरंभ करायचा आणि थोडं थोडं वर जायचं. दाब वाढला की प्रायमर चपटा दिसतो, म्हणून प्रायमर बघून अंदाज घेता येतो, असं बरेच जण मानतात. पण ती खूण भरवशाची नाही. काही वेळा दाब धोक्याच्या पलीकडे गेल्यावरच ती दिसते. आणि "माझे वडील चाळीस वर्षं हेच माप घालायचे" हा तर पुरावाच नव्हे. वडिलांची दारू वेगळ्या घाण्याची, पुंगळी वेगळ्या कंपनीची, बंदूकही वेगळी.

मी म्हटलं, "आमच्याकडेही असंच असतं. जुन्या सर्व्हरवर चालायचं म्हणून नव्यावर तेच सेटिंग टाकतात."

"आणि मग?"

"मग रात्री दोनला फोन येतो."

"इथे फोन यायलाही वेळ मिळत नाही," आजोबा म्हणाले.

नावांचा घोळही आमच्यासारखाच. बाजारात ४३५० या आकड्याच्या दोन दारू मिळतात, एकीच्या मागे 'आयएमआर', दुसरीच्या मागे 'एच'. आकडा एक, दारू वेगळ्या, मात्राही वेगळ्या. दिसायला दोन्ही काळपट बारीक काड्या. त्यामुळे रंगरूपावरून दारू ओळखायची नाही, एका वेळी बाकावर एकच डबा ठेवायचा आणि काम संपलं की उरलेली त्याच डब्यात परत. लेबल नसलेली दारू कितीही महाग असो, टाकून द्यायची. आणि एका दारूचं काम चालू असताना दुसरी दारू नाही! हा विनोद मी मराठीतून मनातच केला, कारण इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. पण नियम आजोबांचाही तोच होता. बिअर काम संपल्यावर, आणि हात धुतल्यावर.

हात धुण्यावर त्यांचा फार कटाक्ष. स्फोटाला सगळे भितात, शिशाला कुणी भीत नाही, ही त्यांची तक्रार. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि ते जळल्यावर पुंगळीत काजळी राहते. कोरड्या यंत्रात पुंगळ्या घोळवल्या की तीच धूळ हवेत उडते. मुलांच्या मेंदूला शिसं सगळ्यात वाईट. म्हणून पुंगळ्या ओल्या पद्धतीने धुवायच्या, बाकावर खाणंपिणं नाही, अ‍ॅप्रन गॅरेजातच राहतो आणि लहान मुलांना आत प्रवेश नाही.

पितळाचंही आयुष्य असतं. दर वेळी फुगून, दाबून ते कडक होत जातं आणि एक दिवस मानेजवळ चिरतं. रायफलच्या पुंगळ्यांना बुडाच्या वर आतून खाच पडते. टोक वाकवलेली तार आत फिरवून ते ती खाच बोटाला जाणवते का बघतात. किती वेळा वापरायची याचा ठरीव आकडा नाही. प्रत्येक पुंगळी प्रत्येक वेळी बघायची, हाच नियम.

"पैसे वाचतात का?" मी विचारलं.

"ही सगळ्यात मोठी दंतकथा," पाठीमागून सहकारी म्हणाला. "पैसे वाचत नाहीत. तेवढ्याच पैशात बार जास्त होतात."

मला सगळ्यात आवडला तो तराजू. इथे दारू 'ग्रेन'मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, मूळ अर्थ धान्याचा दाणा. मी आजोबांना सांगितलं की आमचे सराफही सोनं दाण्यांनीच तोलायचे, लालचुटुक गुंजांनी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनची. आजोबांनी तराजूचं पारडं थांबवून ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी भारतातल्या नेमबाजीबद्दल विचारलं. मी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्यपदक सांगितलं, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. "पॉइंट टू-टू!" आजोबा लगेच म्हणाले. "त्याची पुंगळी काही भरता येत नाही. प्रायमरचं मिश्रण कडेच्या पाळीतच असतं."

त्या दिवशीची काडतुसं थर्टी-एट स्पेशल होती, रिव्हॉल्व्हरची. आजोबांची नात वीस वर्षांची आहे आणि तिला नेमबाजीचा नाद आहे. शहराजवळच्या सार्वजनिक शूटिंग पार्कमध्ये ती सराव करते. ही पन्नास काडतुसं तिच्यासाठी. दुकानातली नकोत, आजोबांच्या हातचीच हवीत, असं तिचं म्हणणं.

भरणं सुरू झालं. एक माप, एक पुंगळी, माझी एक रेघ. गॅरेजात रेडिओही नाही. विशीच्या पुढे गेलो असू आणि माझा फोन वाजला. आईचा. बेळगावात रविवारची सकाळ, सात वाजलेले, इथे शनिवार रात्रीचे साडेआठ. ही तिची ठरलेली वेळ. मी सवयीने फोन उचलला, "आई, नंतर करतो गं," म्हणालो, तिने विचारलं, "जेवलास का?" मी म्हटलं "नाही अजून", आणि ठेवला. अर्धा मिनिटसुद्धा गेला नसेल.

आजोबांचा हात मापाच्या दांडीवर थांबला होता. "किती झाल्या?"

वहीत पंचवीस रेघा होत्या. पण फोन वाजला तेव्हा मी पंचविसावी मारली होती की मारणार होतो, ते मला आठवेना. खरं उत्तर "माहीत नाही" हे होतं. मी म्हणालो, "सव्वीस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. लाकडी ठोकळा उचलला आणि एकेक पुंगळी उलटी करून सगळी दारू डब्यात परत ओतली. पन्नासही पुंगळ्या रिकाम्या. मग म्हणाले, "पान उलट. पहिल्यापासून."

मी कानापर्यंत लाल झालो. सारवासारव म्हणून म्हटलं, "पण शेवटी तुम्ही टॉर्च मारून प्रत्येक पुंगळी बघताच ना? दोनदा पडली असती तर दिसलंच असतं."

"दिसलं असतं. पण ती दुसरी तपासणी आहे. पहिली चुकली हे माहीत असताना दुसरीवर विसंबायचं नाही."

मग त्यांनी बाकाच्या वरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला एक रिव्हॉल्व्हर टांगलेलं होतं. मी ते आल्यापासून पाहत होतो, पण शोभेचं समजलो होतो. त्याची वरची पट्टी उखडून वर वळली होती आणि गोळ्यांचं चक्र एका बाजूने फाटलं होतं. थर्टी-एटच्या पुंगळीत दारू अगदी तळाला बसते. चुकून दोनदा घातली तरी ती मावते, बाहेर सांडत नाही, वर गोळी बसली की काही कळत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी आजोबा भरत असताना घरात फोन वाजला होता. ते उठून गेले, बोलून परत आले आणि पुढे चालू केलं.

"ते मी चालवलं," सहकारी म्हणाला आणि उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत गेलेला पांढरा व्रण. दोन वर्षं मी तो हात माझ्या शेजारच्या कीबोर्डवर बघत होतो. कधी विचारलं नव्हतं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी सहा वर्षं प्रेसला हात लावला नव्हता, हे मला नंतर सहकाऱ्याने सांगितलं. परत सुरू केलं तेही मुलानेच आग्रह केला म्हणून. आता दुसऱ्या पिढीतली मुलगी त्यांच्या हातचं काडतूस मागते, आणि ते फोन बंद करून, दार लावून, एकेक माप घालतात. मला त्यांनी त्या दारात बसू दिलं होतं, आणि मी "सव्वीस" म्हणालो होतो.

मी फोन बंद करून गाडीत ठेवून आलो. दुसऱ्या फेरीला पन्नास रेघा मारल्या, एकही शब्द न बोलता. शेवटी टॉर्चच्या उजेडात पाच-पाचच्या रांगा बघितल्या. सगळ्यांची पातळी एकसारखी. मग हात धुतले आणि जेवलो.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिघं नदीकाठच्या लाकडी खोपटात होतो. आत अंधार, बोलायचं नाही. दर वसंतात पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन प्लॅटच्या ऐंशी मैलांच्या पट्ट्यात उतरतात. आपल्या सारसाच्याच कुळातला हा पक्षी. दिवसा शेतात सांडलेला मका टिपायचा आणि रात्री उथळ पाण्यात उभं राहून झोपायचं, म्हणजे कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो. तीन-चार आठवडे खाऊन अंगात चरबी साठवली की पुढे कॅनडा, अलास्का, काही तर सायबेरियापर्यंत.

आधी आवाज आला, शेकडो लाकडी खुळखुळे एकदम वाजवल्यासारखा. मग उजाडलं आणि नदीतल्या वाळूची बेटं वाटत होती ती हलायला लागली. ते पक्षी होते. एका क्षणी सगळेच उठले आणि आभाळ भरून गेलं. या पट्ट्यातल्या आसपासच्या राज्यांत क्रेनची शिकार चालते, नेब्रास्कात नाही. आयुष्यभर हरणांची शिकार केलेले आजोबा टोपी काढून बघत होते. उजवा कान नदीकडे केलेला.

निघताना आठवण म्हणून मी एक रिकामी पुंगळी मागितली. "विमानतळावर काय सांगशील?" सहकाऱ्याने विचारलं आणि मी विचार सोडला. तुम्हीही सामानात असलं काही आणू नका. आणि वाचून कुणाला हुरूप आलाच असेल तर, भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. नेमबाजीची आवड असेल तर रेंजवर, प्रशिक्षकाकडे जावं.

संध्याकाळी ओमाहाला परतल्यावर आईला फोन केला. तिच्याकडे सोमवारची सकाळ झाली होती. सगळं सांगितलं, सव्वीसचंही. मला वाटलं ती बंदुकीवरून ओरडेल. ती म्हणाली, "अरे, तुझी आजी जोंधळे मोजायला बसली की दारात कुणीही येऊ दे, बोलायची नाही. लाभ, दोन, तीन, असं तिचं चालायचं. मधे कुणी हाक मारली तर नुसता हात वर करायची. आणि मोजणी विसरली की सगळं परत राशीत ओतून पुन्हा लाभपासून."

"मग मला का नाही शिकवलं?"

"तूच तर हाका मारायचास," आई म्हणाली. मग थांबून तिने विचारलं, "आता हातात काही काम नाही ना? मग जेवलास का ते सांग."